उरलेले मीठ गाडीत ठेवू नये

ठिणगी ओल्या पोत्याच्या कडेला पडली, ती धनश्रीने चपलेने विझवली. ग्राइंडर बंद केला आहे. पाते निवेपर्यंत हात मोकळा आहे, तेवढ्यात लिहायला घेतो. कागदाला तेलाचे बोट लागले. त्यावरून कागद खोटा ठरवू नये.

लिहून ठेवणार रेवणसिद्ध शिवलिंगअप्पा हालगे, वय एकाहत्तर, पूर्वीचा धंदा जीप चालवणे, राहणार ताडकळस, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, असे नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितले. जिना चढायचा नाही, वाकून काम करायचे नाही. घराला जिना नाही. वाकून काम मी आज करतो आहे. हा कागद लिही म्हणून कोणी माझ्यावर दाब आणलेला नाही. उलट लिहू नका म्हणून दोघांनी सांगितले. एकाने फोनवरून, एकीने खाटेवरून.

खाटेवर माझी पत्नी शांतम्मा आहे. तिच्या पोटातल्या गाठीवर आता उपाय उरला नाही, म्हणून दिवाळीनंतर तिला घरी आणले. खाट दारातच लावली आहे. तिथून अंगणातली जीप दिसते. गाडीच्या तळाचे काम नीट चालले आहे की नाही, यावर तिची नजर असते. आम्हा दोघांत आधी कोण, हे सांगता येत नाही. मी आधी गेलो तर तिला कशातून न्यायचे, एवढ्यासाठी हा कागद आहे. बाकीची कलमे सोबत आली आहेत.

कलम एक. जीप.

जीप माझ्या नावावर आहे, स्वकष्टाची आहे, तिच्यावर बोजा नाही. कागदाप्रमाणे तिचे वय केव्हाच संपले. माझा धाकटा मुलगा महांतेश पुण्यात कारखान्यात आहे. तो दर रविवारी फोनवर एकच बोलतो. "अप्पा, भंगारवाला घरी येऊन नेतोय. तुम्ही फक्त हो म्हणा." मी म्हणालो, तुझी आई अजून आहे. तो म्हणाला, "आईचा अन् जीपचा काय संबंध?" संबंध पुढे लिहितो. त्याने तो वाचावा.

आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवे नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर गळ्यातले इष्टलिंग ठेवतात, बसवून नेतात आणि बसवूनच समाधी देतात. माझे वडील गेले तेव्हा गावातली पालखी मोडलेली होती, म्हणून मी त्यांना जीपच्या मागच्या भागात पाटावर बसवले. नंतर ताडकळसमधून, पिंगळीहून, आसपासच्या गावांतून निरोप येत राहिले. मी कोणाला नाही म्हणालो नाही. एरवी प्रवासी आणि निरोप आला की मयत, अशी जीप चालली. प्रवासी हळूहळू कमी झाले. स्टँडवर बाया आत डोकावून विचारायच्या, "आज कुनाला नेलंय का हो हिच्यात?" मी खरे सांगायचो. त्या दुसऱ्या जीपकडे जायच्या. त्यांतल्या काहीजणी शेवटी माझ्याच जीपमधून गेल्या. हे मी रागाने लिहिलेले नाही.

समाधीच्या खड्ड्यात विभूती, बेल आणि खडे मीठ घालतात. मिठाचे पोते मयतासोबत जीपमध्येच येते. खड्डा भरला की थोडे मीठ उरते. ते घरी न्यायचे नाही, वाटेत टाकायचे नाही, दुसऱ्याला द्यायचे नाही. मग लोक म्हणतात, "ऱ्हाऊ द्या आप्पा, गाडीतच." ते गाडीतच राहिले. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते. पाणी मॅटखाली जाते. मॅट वरून कोरडी दिसते आणि तळ खालून गंजून जातो.

म्हणून उरलेले मीठ गाडीत ठेवू नये. शेवटच्या मातीबरोबर ते खड्ड्यातच टाकावे. कोणी हरकत घेतली तर मीठ त्याच्या घरी पोचवावे.

माझा थोरला मुलगा लिंगैक्य बसवेश्वर यालाही याच जीपमधून नेले. गाडी मी चालवत होतो. ओढ्याच्या उतारावर पाटाचा एक पाय तळातून खाली गेला आणि बसवेश्वर कलला. आतल्या चौघांनी त्याला धरले. मिठाचे पोते फाटले आणि मीठ त्या भोकातून रस्त्यावर सांडत गेले. पुढे बसून मला काही कळले नाही. मागचे लोक ओरडले तेव्हा थांबलो. आरशात पाहिले. शांतम्मा रस्त्यावर बसून पदरात मीठ गोळा करत होती, मातीसकट. ते तिने चालत खड्ड्यापर्यंत आणले. वाटेत कोणाच्या हाती दिले नाही.

त्यानंतर ती या जीपमध्ये बसलेली नाही. नांदेडच्या दवाखान्यातही एसटीने गेली आणि एसटीने आली. घरी आणल्यावर मात्र आपणहून म्हणाली, "मला तिच्यातच न्या. सगळ्यांला नेलंय, मला का टेंपोत? पर तळ नीट करा. मला कलू देऊ नका. न्हाईतर मी चालत जाते, सांगून ठिवते."

हा परिच्छेद मी तिला आत्ता वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्यात माझी शिवी ऱ्हायली की." शिवी लिहीत नाही.

तरी, मी गेल्यावर जीप धनश्रीची. धनश्री ही बसवेश्वरची पत्नी, माझी सून. शांतम्मा हयात आहे तोपर्यंत जीप विकू नये, भंगारात देऊ नये, उघड्यावर सोडू नये. शांतम्माला तिच्यातूनच रुद्रभूमीत, समाध्यांच्या जागी, न्यावे, तळ पुरा झाल्यावरच. पुढे जीपचे काय करायचे ते धनश्रीने ठरवावे. महांतेशने विचारू नये. गाडी धनश्रीला चालवता येते. बाईमाणसाने मयताची गाडी चालवू नये असे कोणी म्हणाले, तर किल्ली त्याच्या हातात द्यावी. दुसरा गिअर अडतो. म्हणणारा आपोआप खाली उतरेल.

कलम दोन. घर.

ताडकळस येथील पत्र्याचे दोन खोल्यांचे घर व पुढची मोकळी जागा. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस दुकानाची भिंत, पश्चिमेस नाली, उत्तरेस भुजंगराव यांची जागा. उत्तरेच्या सीमेवरचा लिंब आमचा आहे. भुजंगरावांना तो त्यांचा वाटतो. सावली दोघांकडे पडते, एवढे मी मान्य करतो.

शांतम्मा हयात आहे तोपर्यंत घर तिचे. तिच्यानंतर धनश्रीचे. धनश्रीने दुसरे लग्न केले तरी घर तिचेच राहील. आधी विचारायला गेलो तेव्हा या वाक्यावर पूर्णेचे वकील थांबले. "लग्न केल्यास हक्क जाईल, असं सगळेच घालतात," म्हणाले. मी म्हणालो, घालू नका. आमच्यात विधवेचे लग्न लावून देतात, त्यात कमीपणा नाही. शांतम्माने हे तिला तोंडाने सांगून पाहिले. धनश्री म्हणाली, "आत्याबाई, आदी तुमचं औषीद घ्या," आणि पेला पुढे केला. पुन्हा विषय निघाला नाही, म्हणून कागदावर घेतला आहे.

बँकेतली ठेव शांतम्माच्या औषधाला. उरेल ती धनश्री आणि महांतेश यांनी निम्मी निम्मी घ्यावी.

कलम तीन. शेत.

शेत विहिरीसह महांतेशला. शांतम्मा त्या शेतात जात नाही. धनश्री जाते. मी बांधापर्यंत जातो. महांतेशने ते विकले तरी माझी हरकत नाही. ठेवले तर एक पाळावे. विहिरीतली मोटर वर काढण्यापूर्वी खांबावरचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावा. पेटीचे बटण बंद केले, एवढ्यावर विसंबू नये. बसवेश्वरने बटण बंद केले होते.

पाते निवले आहे. पुढचे काम झाल्यावर लिहितो.

कलम चार. हत्यारे, आणि राहिलेले काम.

वेल्डिंगचे मशीन, ग्राइंडर, पाने, पत्रा कापायची कात्री, सर्व धनश्रीला. ती आज बसवेश्वरचा शर्ट घालून गाडीखाली झोपली आहे आणि खालून पत्रा दाबून धरते आहे. रस्त्यावरून जाणारे बघतात. मी पाना घ्यायला वाकलो की खालून आवाज येतो. "मामा, डाक्टरनं वाकू नका म्हणलंय. बसू नका असं न्हाई म्हणलं. बसा."

मी बसून लिहितो. मी मधेच गेलो तर काम अडू नये, म्हणून रीत लिहून ठेवतो.

सीट काढाव्यात, मॅट उचलावी, बॅटरी सोडावी, डिझेलची नळी बाजूला घ्यावी, पोते भिजवून जवळ ठेवावे. मग पेचकस टोचत जावे. जिथे तो आत जातो तिथे खडूने खूण करावी, पण गंजाला लागून नाही, चार बोटे बाहेर. गंज दिसतो त्याहून मोठा असतो. तेवढा सगळा तळ कापून काढावा. चकचकीत लोखंड लागेपर्यंत थांबू नये. मोठे भोक पाहून जीव घाबरतो. घाबरून लहान कापू नये. पुठ्ठ्याचा साचा करून त्यावरून पत्रा कापावा. आधी चारी कोपऱ्यांना समोरासमोर टाके मारावेत, मग मधले. एकाच बाजूने जोड ओढत नेला तर पत्रा फुगतो. रेड ऑक्साइड वरून द्यावा आणि खालूनही द्यावा. खाली कोणी बघत नाही. खालूनच जाते.

पुढचा तळ, ड्रायव्हरचा आणि शेजारच्या सीटचा, आज पुरा होतो आहे. मागचा भाग जास्त खाल्लेला आहे, मीठ तिथेच राहायचे. तो कापून काढला आहे आणि तिथून जमीन दिसते. त्याखालची आडवी पट्टीही गेली. नवी पट्टी उद्या धनश्री परभणीहून आणेल. मग मागचा भाग.

इथे किशनराव आले. किशनराव हे स्टँडवरचे वेल्डर. बसवेश्वरला नेले त्या दिवसापासून त्यांनी आमच्या अंगणात पाय ठेवला नव्हता. त्याचे कारण पुढच्या कलमात येते. ते फाटकाशी उभे राहिले आणि बराच वेळ जीपकडे बघत राहिले.

शांतम्माने खाटेवरून विचारले, "कोन हाय?"

"किशनराव आलेत."

"चहा टाका त्यास्नी. अन् इचारा, माझं माप घ्यायला आलेत का?"

किशनराव खाली मान घालून आत आले. तळाकडे वाकून पाहिले. म्हणाले, "आप्पा, टाके लय जवळ मारायलाव. पत्रा फुगंल."

मी म्हणालो, "तुमचा फुगला न्हवता. तुमचा गळून पडला."

धनश्री गाडीखालून म्हणाली, "मामा."

किशनरावांनी चहाचा कप हातात धरला होता, पीत नव्हते. म्हणाले, "गंज कापायला पायजे होता. कळत न्हवतं असं न्हाई."

"मग?"

"पिंगळीला मयत झाली होती. मानसं दारात उभी. तुमी म्हणलाव, दुपारपस्तोर गाडी पायजे. म्या वरून पत्रा मारला, रंग दिला. म्हणलं, पुढच्या येळंला कापू."

हे खरे आहे. मयताला नेहमीच घाई असते. पुढची वेळ बसवेश्वरची आली.

कलम पाच. राग.

राग ही मिळकत नव्हे, असे वकील म्हणाले. पण मागे राहिला तर वारसांच्या वाट्याला जातो, म्हणून त्याची व्यवस्था करतो.

भुजंगरावांवरचा राग लिंबापुरता आहे. झाड पडले की तो मिटला असे समजावे. पडेपर्यंत धनश्रीने तो चालू ठेवावा.

महांतेशवर राग नाही. तो आईला भेटायला आला की अंगणातच उभा राहतो, खाटेवर बसत नाही. त्याला भीती वाटते. त्याने बसावे.

किशनरावांवरचा राग मी इतकी वर्षे सांभाळला. त्यांनी गंजावर पत्रा मारला, हे मी स्टँडवर कोणालाही सांगितले नाही. घरात मात्र रोज सांगितले. शांतम्मा ऐकायची. एकदा म्हणाली, "त्याला सांगा की. मला किती येळा सांगताव?" आज सांगून झाले. सांगितल्यावर पुढे काही उरले नाही, याचे मला वाईट वाटले.

त्यांना साक्षीदार व्हाल का म्हणून विचारले. ते म्हणाले, "मी? माझी सही चालंल?" वकिलांनी सांगितले आहे की साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही. हे मी त्यांना सांगितले. ते पहिल्यांदा हसले. "मंजी मला काय बी न द्यायची ही सोय हाय तुमची." मी हो म्हणालो. मग त्यांनी चहा प्यायला.

दुसऱ्या साक्षीदार राजेश्रीताई, गावच्या आशा कार्यकर्त्या. शांतम्माला बघायला रोज येतात. त्यांनी शांतम्माची नाडी धरली, पायाची सूज दाबून पाहिली आणि पांघरूण नीट केले. हात धुऊन आल्या आणि हा कागद इथपर्यंत वाचला. म्हणाल्या, "काका, यात समदं दुसऱ्याचंच हाय. तुमचं काय?"

म्हणून कलम सहा.

मी जीप नीट असेपर्यंत गेलो तर जीपमधून न्यावे. नसेल तर ट्रॅक्टर चालेल. बसवून न्यावे एवढेच. शांतम्मा ऐकत होती. म्हणाली, "ह्यांला कोन बशिवणार? जित्तेपनी कवा बसले न्हाईत." राजेश्रीताई हसल्या. शांतम्माही हसली आणि मग तिला खोकला लागला. धनश्री गाडीखालून बाहेर आली, तिला उठवून पाठीशी उशी दिली, आणि तशीच धरून बसली. उशीला टेकूनही ती डावीकडे झुकते. धनश्री तिला सरळ करते. ती पुन्हा झुकते.

धनश्री म्हणाली, "मामा, मी उद्या पयल्या गाडीनं जाते परभणीला."

मी म्हणालो, जा.

या कागदाची अंमलबजावणी धनश्रीने करावी. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. हे मी स्वतःच्या हाताने लिहिले. मधे तीनदा उठलो, दोनदा कामासाठी आणि एकदा औषध द्यायला. त्यामुळे अक्षर सारखे नाही, माणूस एकच आहे. वाचून पाहिले, बरोबर आहे. साक्षीदारांच्या समोर सही करतो, त्यांनी माझ्यासमोर करावी.

ठिकाण ताडकळस. दिनांक १७ जानेवारी २०२५, दिवस मावळताना.

लिहून ठेवणार
(सही) रेवणसिद्ध शिवलिंगअप्पा हालगे

साक्षीदार
(सही) किशनराव ग्यानोबा कदम, वेल्डर, ताडकळस
(सही) राजेश्री माणिक दुधाटे, आशा कार्यकर्ती, ताडकळस

पुरवणी. दुसऱ्या दिवशीची.

आज सकाळी उजाडताना शांतम्मा लिंगैक्य झाली. धनश्री जवळ होती, निघायच्या तयारीत होती. कलम एक व कलम दोन यांतील "शांतम्मा हयात आहे तोपर्यंत" हे शब्द असलेली वाक्ये काढली आहेत. शांतम्माच्या औषधाची तरतूदही राहिली नाही. बाकी कायम.

महांतेशला फोन केला. तो निघाला, पण त्याला पोचायला संध्याकाळ होणार होती. आई जास्त वेळ बसलेली राहणार नाही, हे त्याला सांगावे लागले. तो म्हणाला, "थांबू नका."

परभणीची पट्टी आलेली नव्हती. किशनराव मशीन हातगाड्यावर घालून आले. म्हणाले, "आप्पा, मागं वरून पत्रा टाकतो. घंटाभराचं काम. रुद्रभूमीपस्तोर टिकंल." मी नको म्हणालो. त्यांनी दुसऱ्यांदा विचारले नाही.

पुढचा तळ पुरा होता. शेजारची सीट बसवली आणि शांतम्माला मांडी घालून तिथे बसवले. विधीला आलेले स्वामी म्हणाले, पुढे बसवून नेत नाहीत. धनश्री म्हणाली, "बशिवायची रीत हाय ना, स्वामी? पुढं का मागं, ते कुटं सांगितलंय?" स्वामींनी इष्टलिंग तिच्या तळहातावर ठेवले. धनश्रीने तिला लुगड्याने सीटला बांधले.

गाडी मी चालवली. मागे कोणी बसले नाही. मिठाचे पोते गाडीत ठेवू दिले नाही. ते किशनरावांनी खांद्यावर घेतले आणि मागून चालत आणले. ओढ्याच्या उतारावर मी एक हात तिच्याकडे नेला होता. लावावा लागला नाही. ती कलली नाही.

ताडकळस, १८ जानेवारी २०२५.
(सही) रेवणसिद्ध हालगे
साक्षीदार तेच. (सही) (सही)